जुन्या नोकरीतला ४०१(के): आयआरएमध्ये न्यायचा की नाही?

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय. (नवख्यांसाठी: ४०१(के) म्हणजे अमेरिकेत कंपनीमार्फत चालणारं रिटायरमेंटचं खातं, आयआरए म्हणजे आपण स्वतः उघडलेलं. दोन्हीत प्री-टॅक्स म्हणजे टॅक्स न भरता टाकलेले पैसे, रॉथ म्हणजे टॅक्स भरून टाकलेले.)

"ताई, नमस्कार. मी ५३ वर्षांचा, मूळचा कोल्हापूरचा, आता डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. २००५ ला एच-वन व्हिसावर ओहायोत आलो, तिथे पहिल्या कंपनीत पावणेदोन वर्षं होतो, ४०१(के) मध्ये तीन-साडेतीन हजार जमले होते, त्याचं पुढे काय झालं खरंच माहीत नाही. मग २००७ ते २०१३ दुसरी कंपनी, तिथे ८४ हजार डॉलर पडून आहेत. २०१३ ते २०२४ तिसरी, तिथे २ लाख ३६ हजार, त्यातले ३१ हजार रॉथ. मार्च २०२४ पासून चौथीत आहे. मंडळाच्या गणपतीत एक ओळखीचे गृहस्थ भेटले, इन्शुरन्सचं काम करतात, ते म्हणाले जुने ४०१(के) तसेच ठेवणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं, सगळं आयआरएमध्ये आणा आणि त्यात अ‍ॅन्युइटी (विमा कंपनीला पैसे देऊन पुढे ठरावीक रक्कम घ्यायची योजना) घ्या, १० टक्के बोनस मिळतोय, डिसेंबरच्या आत करा. आमचे सीपीए (टॅक्सचं काम बघणारे) दरवर्षी माझं आणि बायकोचं बॅकडोर रॉथ करतात, २०१८ पासून. ग्रीन कार्ड २०१६ ला मिळालं, सिटिझनशिप घेतलेली नाही कारण ५६व्या वर्षी कोल्हापूरला परत जायचा विचार पक्का आहे. कुठलंही लोन काढलेलं नाही. तर हलवू का, टॅक्स बसेल का, आणि परत गेल्यावर याचं काय होतं? – तुमचा भाऊ, फ्रिस्को"

भाऊ, नमस्कार. आधी एकच सांगते, घाई करू नका. घाई त्या बोनसला आहे, तुम्हाला नाही. ज्या खात्यात ७ हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक आहे त्यातून जुनी कंपनी तुम्हाला जबरदस्तीने बाहेर काढू शकत नाही, तुमचे ८४ हजार आणि २ लाख ३६ हजार तिथे अजून वर्षभर राहिले तरी कायद्याने काही बिघडत नाही. ते पैसे कंपनीचेही नाहीत, ट्रस्टमध्ये वेगळे ठेवलेले असतात, उद्या कंपनी बुडाली तरी कंपनीच्या देणेकऱ्यांना त्याला हात लावता येत नाही. त्यामुळे वाऱ्यावर वगैरे काही नाहीये.

हलवायचं का, तर हो, हलवा. तीन ठिकाणी तीन पासवर्ड, जुने पत्ते, जुने फोन नंबर, हे कोल्हापुरात बसून निस्तरणं फार त्रासाचं होतं, मी बघितलंय लोकांचं. पण कुठे हलवायचं याचं उत्तर तुमच्या बाबतीत आयआरए नाहीये. तुमचं पत्र वाचताना मी एकेक गोष्ट कागदावर लिहून काढली, बॅकडोर रॉथ, ५६ ला परत जाणं, ग्रीन कार्ड, आणि तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात: प्री-टॅक्स पैसे आत्ताच्या, म्हणजे चौथ्या कंपनीच्या ४०१(के) मध्ये आणा. आपल्याकडे पुण्यात नोकरी बदलली की जुना पीएफ नव्या पीएफमध्ये ट्रान्सफर करतो तसंच. इथे त्याला रोल-इन म्हणतात, आणि मजा म्हणजे याबद्दल कोणी सांगत नाही कारण यात कोणालाच कमिशन मिळत नाही.

आता का ते नीट सांगते.

बॅकडोर रॉथचं आधी. तुमची कमाई रॉथ आयआरएच्या मर्यादेच्या वर असणार (२०२५ साठी जोडीने रिटर्न भरणाऱ्यांना २ लाख ४६ हजारांच्या वर रॉथमध्ये थेट पैसे टाकताच येत नाहीत), म्हणून सीपीए आधी ट्रॅडिशनल, म्हणजे साध्या, आयआरएमध्ये टॅक्स भरलेले पैसे टाकून लगेच रॉथमध्ये कन्व्हर्ट करतात. हे बिनटॅक्सचं होतं ते फक्त एका कारणामुळे, तुमच्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये दुसरे पैसे नाहीयेत. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, तुमच्या नावावरच्या सगळ्या ट्रॅडिशनल आयआरए एकच भांडं समजतं, ३१ डिसेंबरला त्यात किती आहे ते बघतं, आणि कन्व्हर्ट केलेल्या रकमेत त्याच प्रमाणात प्री-टॅक्स पैसे आले असं धरतं. दुधात पाणी घातल्यावर फक्त दूध काढून घेता येत नाही ना, तसं. आता तुमचे दोन्हीकडचे प्री-टॅक्स पैसे मिळून होतात २ लाख ८९ हजार. ते आयआरएमध्ये आणले आणि त्याच वर्षी तुम्ही नेहमीसारखे ८ हजार टाकून कन्व्हर्ट केले (५० च्या वरच्यांना २०२५ ला ८ हजार चालतात), तर त्या ८ हजारातले जेमतेम २१५ डॉलर बिनटॅक्सचे आणि उरलेल्या ७,७८५ वर टॅक्स. २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर साधारण १,८७० डॉलर, आणि हे एक वर्षच नाही, आयआरएत ते पैसे आहेत तोवर दरवर्षी. वहिनींच्या बॅकडोरला धक्का लागत नाही, कारण हा हिशोब माणशी वेगळा असतो, पण तुमचं दार बंद. ४०१(के) मधले पैसे मात्र या हिशोबात धरतच नाहीत. म्हणून म्हणते, ३१ डिसेंबर तुमच्यासाठी महत्त्वाचा आहेच, पण त्या गृहस्थांनी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट कारणासाठी. त्यांना तुमचं बॅकडोर माहीत नसेल, पण विचारायला हवं होतं, एवढी मोठी रक्कम हलवायला सांगताना एवढं विचारणं हे किमान आहे.

दुसरं, ५६ ला परत जाणं. हे सगळ्यात मोठं आहे आणि तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून गेलात. साडेएकोणसाठच्या आधी पैसे काढले की टॅक्स तर आहेच, वर १० टक्के पेनल्टी. तुम्ही ५६ ला निघालात तर मधली साडेतीन वर्षं अडकतात. पण ४०१(के) ला एक सवलत आहे, ज्या वर्षी तुम्ही ५५ चे होता त्या वर्षात किंवा नंतर नोकरी सोडली तर त्या कंपनीच्या ४०१(के) मधून पैसे काढताना ही १० टक्के पेनल्टी बसत नाही. नीट वाचा, *त्या* कंपनीच्या. तुमचे ८४ हजार आणि २ लाख ३६ हजार ज्या कंपन्यांत आहेत त्या तुम्ही ५५ च्या खूप आधी सोडल्यात, तिथले पैसे तुम्ही ५७ चे झालात तरी पेनल्टीशिवाय निघणार नाहीत. आयआरएमध्ये तर ही सवलतच नाही, तिथे साडेएकोणसाठ म्हणजे साडेएकोणसाठ (दरवर्षी ठरावीक रक्कम काढत राहायची एक किचकट वाट आहे, पण त्यात एकदा चुकलं की आधीच्या वर्षांचीही पेनल्टी मागे लागते, नको ते). पण तेच जुने पैसे तुम्ही आज चौथ्या कंपनीच्या प्लॅनमध्ये आणले आणि तिथून ५६ ला राजीनामा दिलात, तर सगळेच्या सगळे त्या सवलतीत बसतात. २ लाख ८९ हजार आज कुठे जातात यावर तुमची परत गेल्यानंतरची पहिली तीन वर्षं अवलंबून आहेत, असं समजा. फक्त एक विचारून घ्या, नोकरी सोडल्यावर प्लॅन थोडे थोडे पैसे काढू देतो का, की एकदम सगळे घ्यावे लागतात. कायदा सवलत देतो पण प्लॅनचे नियम प्लॅनचे असतात, काही ठिकाणी फक्त एकरकमी देतात आणि मग या सवलतीचा फारसा उपयोग राहत नाही.

आणि यात भारताकडची बाजूही जुळून येते. इतकी वर्षं बाहेर राहून परत गेलात की पहिली साधारण दोन-तीन वर्षं तुम्ही आरएनओआर असता, म्हणजे रहिवासी पण 'सामान्य' रहिवासी नाही, त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारत टॅक्स लावत नाही. ५६ ते ५८, म्हणजे ज्या काळात तुम्हाला पेनल्टीशिवाय काढता येईल तोच हा काळ. त्यानंतर मात्र भारतात टॅक्स लागतो. पूर्वी फार गोंधळ होता, खात्यातली वाढ भारत दरवर्षी धरणार आणि अमेरिका काढताना धरणार, मग इथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तिथे जुळायचंच नाही. २०२१ ला भारताने आयकर कायद्यात कलम ८९ए आणलं, त्यात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या रिटायरमेंट खात्यांसाठी मुभा आहे, फॉर्म १०-ईई भरला की तिकडे ज्या वर्षी टॅक्स लागतो त्याच वर्षी भारतात लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यामुळे कलमाचा नंबर वेगळा असेल, तेव्हा कोल्हापुरातल्या सीएला नंबर सांगत बसू नका, विषय सांगा, "परदेशी रिटायरमेंट खातं, टॅक्सचं वर्ष पुढे ढकलायचंय".

तिसरं ग्रीन कार्ड, आणि याबद्दल मला जरा काळजी वाटतेय. गेल्या १५ वर्षांतली ८ वर्षं ग्रीन कार्ड असलेल्या माणसाने ते सोडलं की त्याला जवळजवळ नागरिकत्व सोडल्यासारखं धरतात, फॉर्म ८८५४ भरावा लागतो. २०१६ पासूनचं आहे तुमचं, म्हणजे तुम्ही यात आलातच. त्या दिवशी तुमची जगभरातली मालमत्ता २० लाख डॉलर किंवा त्याच्या वर असेल, किंवा आधीच्या पाच वर्षांचा सरासरी टॅक्स एका आकड्याच्या वर असेल, किंवा त्या पाच वर्षांची रिटर्न्स नीट भरल्याचं प्रमाणपत्र देता आलं नाही, तर एक्झिट टॅक्सचे, म्हणजे देश सोडतानाच्या टॅक्सचे, नियम लागतात. फ्रिस्कोचं घर, दोघांपैकी तुमच्या नावावरचे शेअर, हे सगळे रिटायरमेंटचे पैसे, कोल्हापूरचा प्लॉट, वडिलोपार्जित काही असेल ते, सगळं धरून बघा, २० लाख वाटतं तेवढं लांब नसतं. आणि तिथे आयआरए आणि ४०१(के) मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयआरए असेल तर ती आदल्या दिवशी सगळी काढली असं धरून सगळ्या रकमेवर त्याच वर्षी टॅक्स. ४०१(के) असेल आणि फॉर्म डब्ल्यू-८सीई ३० दिवसांत दिलात तर तसं होत नाही, जेव्हा जेव्हा पैसे काढाल तेव्हा तेव्हा ३० टक्के कापून देतात. तुम्ही त्या २० लाखांच्या खाली असाल तर हा प्रश्न येणारच नाही, तरी परदेशी माणूस झाल्यावर साधारणपणे ३० टक्के कापूनच घेतात, भारत-अमेरिका करारातून त्यात काय सूट मिळते ते तुम्ही पैसे एकदम काढता की पेन्शनसारखे नियमित यावरही ठरतं. यासाठी मात्र निघायच्या किमान दीड-दोन वर्षं आधी दोन्हीकडचे टॅक्स करणारा माणूस गाठा. तुमच्या सीपीएंना विचारा त्यांनी किती ८८५४ भरलेत, एकही नसेल तर दुसरा बघा, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता रॉथचे ३१ हजार. ते वेगळे आहेत, ते तुम्ही थेट तुमच्या रॉथ आयआरएमध्ये न्या. टॅक्स नाही, बॅकडोरच्या हिशोबात येत नाहीत, आणि तुमची रॉथ आयआरए २०१८ पासून आहे म्हणजे पाच वर्षांची अट कधीच पूर्ण झालीय. शिवाय त्यातले जे तुम्ही स्वतः टाकलेले पैसे आहेत ते रॉथ आयआरएमधून कधीही, कुठल्याही वयात, टॅक्स-पेनल्टीशिवाय काढता येतात, रॉथ ४०१(के) मध्ये असताना तसं नसतं, तिथे प्रत्येक वेळी त्या प्रमाणात वाढही निघते. फक्त किती टाकले होते आणि किती वाढ झाली हे जुन्या प्लॅनकडून कागदावर घेऊन ठेवा. आणि रॉथ बिनटॅक्सचं आहे हा अमेरिकेचा नियम आहे, भारतात सामान्य रहिवासी झाल्यावर तिथला सीएही तेच म्हणेल असं धरून चालू नका, मोठी रक्कम काढायची असेल तर साडेएकोणसाठ आणि आरएनओआर दोन्हीचं गणित बसतंय का ते आधी मांडून बघा.

अ‍ॅन्युइटीबद्दल. अ‍ॅन्युइटी वाईटच असते असं मी म्हणणार नाही, काहींना दरमहा ठरलेली रक्कम हवी असते, त्यांचं बरोबर आहे. पण तुम्हाला जी सांगितलीय त्यात बोनस आहे म्हणजे जवळजवळ नक्की सरेंडर चार्ज असणार, बऱ्याचदा सात ते दहा वर्षांचा, मधे पैसे काढले तर कापून घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी तो बोनसही परत जातो. तुम्ही तीन वर्षांनी निघताय, तुम्हाला नेमके त्याच काळात पैसे लागणार. शिवाय अ‍ॅन्युइटीचा मोठा फायदा सांगतात तो टॅक्स पुढे ढकलण्याचा, तो रिटायरमेंट खात्याला आधीपासूनच आहे, छत्रीखाली छत्री उघडून काय मिळणार? त्या गृहस्थांना दोन प्रश्न नक्की विचारा, सरेंडर चार्जचं वर्षावार कोष्टक लेखी द्या, आणि यात तुम्हाला विमा कंपनीकडून किती मिळतं. मंडळात रोज तोंड बघायचंय म्हणून विचारायला संकोच वाटतो मला कळतं, आपली माणसं याच संकोचात सह्या करतात. चांगला माणूस असेल तर उत्तर देईल.

आयआरए कधी चांगली ते पण सांगते, नाहीतर वाचणाऱ्या बाकीच्यांना वाटेल मी तिच्या विरुद्ध आहे. बॅकडोर करत नाही, लवकर परत जायचं नाही, आणि नव्या कंपनीचा प्लॅन महागडा आहे, अशा माणसाने फिडेलिटी, व्हॅनगार्ड, श्वाब अशा कुठे आयआरए उघडून स्वस्त इंडेक्स फंड घेतले तर उत्तमच. फी हा फार मोठा भाग आहे हो. २ लाख ८९ हजारांवर १ टक्का म्हणजे वर्षाला २,८९० डॉलर आणि ०.०५ टक्के म्हणजे १४५ च्या आत. म्हणून तुमच्या चौथ्या कंपनीचं वार्षिक फी डिस्क्लोजर उघडून बघाच, इंडेक्स फंडाचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे वार्षिक फी, ०.१ टक्क्याच्या आत असेल तर डोळे मिटून आणा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास असेल तरी तुमच्या बाबतीत वरच्या तीन कारणांसाठी मी म्हणेन आणा. आणि तो प्लॅन रोल-इन घेतच नसेल (काही घेत नाहीत) तर आयआरएकडे धावू नका, आहे तिथेच राहू द्या.

आता प्रत्यक्ष करायचं कसं, आणि इथे माझं स्वतःचं सांगते. २००९ ला मी नोकरी बदलली, जुन्या ४०१(के) मध्ये ३८ हजार होते. फोनवरच्या मुलीने विचारलं चेक कोणाच्या नावाने, मी म्हटलं माझ्या, मला काय माहीत. चेक आला ३० हजार ४०० चा. २० टक्के, म्हणजे ७,६०० डॉलर, फेडरल टॅक्स म्हणून कापलेले. चेक तुमच्या नावाने निघाला की कापावेच लागतात त्यांना, आणि मग ६० दिवसांत पूर्ण ३८ हजार दुसरीकडे भरायचे, कापलेले ७,६०० स्वतःच्या खिशातून घालून, नाहीतर ते ७,६०० काढले असं धरून टॅक्स आणि वर १० टक्के. त्या वर्षी आम्ही घराचं डाऊन पेमेंट नुकतंच केलेलं, बँकेत काही नव्हतं. दिरांकडून ४ हजार उसने घेतले, उरलेले इकडून तिकडून, आणि ५२व्या दिवशी भरले. कापलेले पैसे पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर परत मिळाले, पण ते दोन महिने मी झोपले नव्हते. त्यानंतर मी या विषयाचा कागद न् कागद वाचायला लागले.

तेव्हा फोन आधी चौथ्या कंपनीच्या प्लॅनला करायचा, जुन्यांना नंतर. विचारायचं रोल-इन घेता का, आयआरएमधले प्री-टॅक्स पैसेही घेता का (हे कशाला ते खाली सांगते), चेक नेमक्या कुठल्या नावाने आणि कुठल्या पत्त्यावर हवा. ते लेखी घ्या, बरेचदा जुना प्लॅन 'आम्ही घेऊ' असं पत्र मागतो. मग जुन्यांना फोन, आणि शब्द हेच वापरायचे, "डायरेक्ट रोलओव्हर". चेकवर नव्या प्लॅनच्या ट्रस्टीचं नाव आणि पुढे एफबीओ ('फॉर बेनिफिट ऑफ') म्हणून तुमचं नाव पाहिजे. असा चेक पोस्टाने तुमच्या घरी आला तरी घाबरू नका, तो डायरेक्टच धरतात, फक्त तो तसाच पुढे पाठवायचा, आपल्या बँकेत नाही. तिसऱ्या कंपनीकडून दोन चेक निघतील, २ लाख ५ हजारांचा प्री-टॅक्स आणि ३१ हजारांचा रॉथ, दोघांची सरमिसळ होऊ देऊ नका, रॉथचा प्री-टॅक्समध्ये गेला की निस्तरता निस्तरता महिने जातात. खातं बंद होण्याआधी सगळी जुनी स्टेटमेंट्स डाऊनलोड करा, नंतर लॉगिन बंद होतं.

टॅक्स बसेल का विचारलंत, तर असं केलं की एक डॉलरही नाही. जानेवारीत १०९९-आर (खात्यातून पैसे निघाल्याचे फॉर्म) येतील ते बघून दचकू नका, सातव्या चौकोनात प्री-टॅक्ससाठी 'जी' आणि रॉथ ते रॉथसाठी 'एच' असा कोड असला पाहिजे. १०४० वर, म्हणजे तुमच्या टॅक्स रिटर्नवर, ५ए मध्ये पूर्ण रक्कम, ५बी मध्ये शून्य आणि शेजारी 'रोलओव्हर'. सीपीएंना आधीच सांगून ठेवा, हा फॉर्म राहून गेला की आयआरएसचं पत्र येतं. दरवर्षी तुम्ही पगारातून जे टाकता त्या मर्यादेत हे पैसे धरत नाहीत.

आणि पैसे नव्या खात्यात पोचले की काम संपलं असं समजू नका, ते कशात गुंतवले गेलेत ते बघा. आयआरएमध्ये तर हे नेहमीच होतं, चेक जमा होतो आणि कॅशमध्ये पडून राहतो, लोकांना वाटतं गुंतवलेत. तुमचे ३१ हजार रॉथमध्ये गेले की त्याच आठवड्यात लॉगिन करून फंड घ्या. तसंच नॉमिनी, म्हणजे बेनिफिशरीचा फॉर्म. ४०१(के) मध्ये नवरा-बायको आपोआप वारस असतात, दुसरं नाव घालायचं तर जोडीदाराची लेखी संमती लागते, पण रॉथ आयआरएत जे फॉर्मवर लिहिलंय ते, लग्नाआधी आईचं नाव लिहिलं असेल तर तेच. वहिनींना शेजारी बसवून दोन्ही बघून घ्या. त्यांना ही खाती कुठे आहेत हे माहीत असणं तुमच्या इतकंच गरजेचं आहे, कारण ग्रीन कार्ड सोडून तुम्ही कायमचे कोल्हापूरला स्थायिक झालात आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर अमेरिकेतल्या मालमत्तेवर परदेशी माणसाला फक्त ६० हजार डॉलरपर्यंतच इस्टेट टॅक्सची सूट आहे, त्यावर टॅक्स लागू शकतो. दोन्हीकडचे टॅक्स करणाऱ्या माणसाला भेटाल तेव्हा यादीत हा प्रश्न घाला.

शेवटी ओहायोचे ते तीन-साडेतीन हजार, जे तुम्ही एका ओळीत सोडून दिलेत. माझ्या मते सगळ्यात आधी तेच शोधा. मार्च २००५ पासून असा नियम आला की नोकरी सोडलेल्या माणसाचे एक ते पाच हजारांमधले पैसे प्लॅनला बाहेर काढायचे असतील आणि त्याने काहीच कळवलं नसेल तर ते त्याच्या नावावर आयआरए उघडून तिथे टाकायचे (आता ती वरची मर्यादा ७ हजार झालीय). म्हणजे बरीच शक्यता आहे की कुठेतरी तुमच्या नावावर एक ट्रॅडिशनल आयआरए गेली अठरा वर्षं उभी आहे, पत्रं जुन्या ओहायोच्या पत्त्यावर जातायत. आणि मग २०१८ पासूनच्या प्रत्येक ८६०६ फॉर्मवर (बॅकडोरचा हिशोब याच फॉर्मवर देतात) तुमच्या सीपीएंनी शून्य लिहिलंय ते चुकीचं आहे. रक्कम लहान आहे म्हणून फरकही लहानच असेल, घाबरू नका, दुरुस्त करता येतं, पण पुढे तुम्हाला ८८५४ वर पाच वर्षांची रिटर्न्स बरोबर आहेत अशी सही करायचीय, तेव्हा हे आत्ताच सरळ केलेलं बरं. आयआरएसच्या ऑनलाइन खात्यात जाऊन 'वेज अँड इन्कम' ट्रान्सक्रिप्ट काढा, तुमच्या एसएसएनवर आयआरए असेल तर त्यात ५४९८ फॉर्म दिसेल. तिथे नाही दिसलं तर कामगार खात्याचं 'रिटायरमेंट सेव्हिंग्ज लॉस्ट अँड फाउंड' म्हणून शोधायची सोय डिसेंबर २०२४ पासून आहे, लॉगिन-डॉट-गव्हने आत जाता येतं. पावणेदोन वर्षांतच सोडलीत म्हणजे कंपनीने घातलेला वाटा कदाचित तुमचा झालाही नसेल, पण तुमच्या पगारातून कापलेले पैसे पूर्ण तुमचेच आहेत. सापडली ती आयआरए तर तीही चौथ्या प्लॅनमध्ये रोल-इन करा, म्हणूनच वर फोनवर तो प्रश्न विचारायला सांगितला, आणि हे ३१ डिसेंबरच्या आत झालं तर या वर्षीचं बॅकडोर स्वच्छ होईल. आत्ता ऑक्टोबर आहे, चेक पोस्टाने फिरायला तीन-चार आठवडे जातात, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट याच आठवड्यात काढा, आणि त्यात ५४९८ निघाला तर मला कळवा, त्या जुन्या ८६०६ चं काय करायचं ते सविस्तर लिहीन.